देण्याचं गाडगं

खर्डा, ता. जामखेड
२१ जुलै १९९१

प्रिय भीमा,
सप्रेम जय भीम.

तुझं निळं पत्र पोचलं. चार ओळींत तू तब्येत, हवा आणि परीक्षा उरकतोस. आफ्रिकेत जाऊन आठ वर्षं झाली, मास्तरांची अक्षरं महागली की काय? लग्नाचं मी विचारत नाही, विचारून दमले.

माझी बदली झाली, अखेर आपल्याच गावच्या शाळेत. बारा वर्षं मी पाथर्डी तालुक्यातल्या वाड्यांवर काढली. आता आईजवळ राहते, आणि यांची जामखेडची नोकरी असल्यामुळे शनिवारी नवरा पाहुण्यासारखा येतो. आईचे गुडघे गेले आहेत. खुरपं घेऊन ती बसते, पण उठवायला दोघी लागतात. बोलणं मात्र उभंच आहे.

परवा पेपरात वाचलं की रिझर्व्ह बँकेने देशाचं सोनं इंग्लंडला गहाण ठेवलं. मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "गहान कुनाकडं?" म्हटलं, इंग्रजांकडे. "ते तर गेल्ते न्हवं?" तू गणिताचा मास्तर, तू राहतोस तो देशही म्हणे कर्जात बुडालेला. एवढाले देश कर्जात कसे पडतात ते नीट लिही. सातवीची पोरं विचारतात आणि मी फळ्याकडे तोंड करते.

आईची दोन गाडगी आठवतात ना? चुलीमागच्या फळीवर अजून तशीच आहेत. सावडीचा हिशेब. शेजारणीने आपल्या रानात एक दिवस खुरपलं की देण्याच्या गाडग्यात एक चिंचोका, आपण तिच्या रानात गेलो की येण्याच्या. आणि तुझा तो पराक्रम! आठ वर्षांचा असशील. खेळायला चिंचोके हवेत म्हणून दोन्ही गाडगी एकत्र ओतलीस. आईने तुला बदडलं आणि मग घरोघर विचारत फिरली, "बाई, माज्याकडं तुजं किती?" कोणी एक दिवस जास्त सांगितला नाही. साळूबाईने तर दोन कमीच सांगितले, हे आईला तेव्हाच कळलं होतं, पण दोघी आजवर त्यावर बोललेल्या नाहीत.

आता देण्याच्या गाडग्यात एकतीस चिंचोके आहेत. येण्याचं रिकामं. आई रोज ते खाली घेते, बघते आणि म्हणते, "हे आता कवा फेडू?" एवढीच तिची काळजी. बाकी सगळे खुशाल.

तुझी ताई,
यशोधरा

---

किटवे, झांबिया
२ सप्टेंबर १९९१

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. गाडग्यांचा भाग चारदा. त्या दिवशीचा मार अजून पाठीला आठवतो, आणि ओल्या मातीचा, चुलीच्या राखेचा तो वास इतक्या लांबून नाकात आला. आई माझा हात धरून घरोघर घेऊन गेली होती. मी रडत होतो ते मारामुळे नव्हे, सगळ्या बाया हसत होत्या म्हणून.

तुझ्या पोरांना असं सांग. सत्तरच्या सुमारास इथल्या तांब्याला मोठा भाव होता. त्याच काळात तेल महागलं, आणि तेलवाल्या देशांचा पैसा परदेशी बँकांत येऊन पडला. बँकेला पडून राहिलेला पैसा परवडत नाही. मग तो त्यांनी गरीब देशांच्या दारोदार फिरून वाटला. घेणाऱ्यांनी घेतला. त्यातून रस्ते झाले, दवाखाने झाले, काही साहेबांचे बंगलेही झाले. मी शिकवतो ती शाळा त्याच काळातली. पुढे तांब्याचा भाव पडला, तेलाचा चढला आणि व्याजाचा दर दुप्पट झाला. हप्ता भरायला नवं कर्ज, नव्या कर्जाला नव्या अटी. पिठावरची सवलत काढा, नोकर कमी करा, चलनाची किंमत उतरवा. गेल्या वर्षी इथे मक्याच्या पिठाचा भाव एका झटक्यात दुप्पट झाला. लोक रस्त्यावर आले, गोळ्या चालल्या, माणसं गेली. त्यांतल्या एकानेही कर्जाच्या कागदावर सही केलेली नव्हती.

आपलं वेगळं नाही. आखातात लढाई झाली, तेल महागलं, तिथली आपली माणसं परत आली आणि तिजोरीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांची परकी गंगाजळी उरली. म्हणून सोनं गेलं.

आईच्या एकतीस दिवसांचं मात्र मी मनावर घेतलं आहे. देणं काय करतं ते मी इथे रोज पाहतो. आमचा एक मराठी डॉक्टर डिसेंबरात नगरला येतोय, केडगावला त्याची बहीण असते. त्याच्याबरोबर पाचशे रुपये पाठवतो. बाईमाणसाचा रोज पंधरा रुपये धर. एकतीस दिवसांचे चारशे पासष्ट होतात. प्रत्येक घरी जा, मोजून दे, चिंचोके काढून टाक. उरलेल्या पैशांतून आईला लुगडं नको, चष्मा घे. तिच्या डोक्यावर कुणाचं काही राहायला नको.

माझं उत्तम चाललं आहे. काळजी नसावी.

तुझा,
भीमराज

---

खर्डा
८ मार्च १९९२

भीमा,

पैसे पोचले. पाच जानेवारीला, रविवार होता, मी वही-पेन घेऊन निघाले. साळूबाईचे नऊ दिवस, चांगुणाचे सात, बाकी चार घरी थोडे थोडे. प्रत्येकीच्या हातावर मोजून ठेवले. कोणी नाही म्हटलं नाही. मला वाटलं, किती समजूतदार बायका! घरी येऊन मी आईसमोर गाडगं पालथं केलं, चिंचोके अंगणात टाकले. आईने रिकामं गाडगं हातात घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे मोडलंच की गं समदं."

मला कळलं नाही. दुपारी साळूबाई आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. आपल्याकडून नेलेली परात आणि पाटा-वरवंट्यातला वरवंटा दारात ठेवला आणि गेली. संध्याकाळी चांगुणा चाळणी देऊन गेली. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला.

तुला आठवतं? पुंजाराम आणि त्याचा भाऊ वेगळे झाले तेव्हा चावडीपुढे बसून त्यांनी सावड मोजली होती. दिवसाला रोख पैसे दिले, हिशेब शून्यावर आणला आणि त्यानंतर दोघं एकमेकांच्या घरच्या मयतीलाही उभे राहिले नाहीत. आपल्या गावात सावड पैशांनी पुरी फेडायची ती तोडायचीच असली तर. नाहीतर दोन्हीकडे थोडं राहतंच, राहूच देतात. हे तुला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. तू परदेशात विसरलास, मी पाथर्डीत विसरले. शिकलेली दोन गाढवं, दुसरं काय.

मी साळूबाईकडे गेले, पाया पडले, म्हटलं पैसे परत दे. ती म्हणाली, "न्हाई घेतलं असतं तर म्हनला असता साळूबाईला मोटेपना आला. घेतलं. आता काय ऱ्हायलं?" आणि सूप पाखडत बसली.

ज्वारी काढणीला आली होती. कोणी आलं नाही. मी मजूर लावून काढली, निम्मी रानात सांडली. ते मला फार लागलं नाही. लागलं ते दुसरंच. आई रोज सकाळी ओट्यावर बसते. पूर्वी बाया रानात जाताना थांबायच्या, तंबाखूची चिमूट घ्यायच्या, तिला गावची बित्तंबातमी द्यायच्या. आता रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जातात. काल ती म्हणाली, "भीमानं मला गावातून उठीवलं."

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं. पण तुझ्यावर एकट्यावर ढकलत नाही, मोजून दिले ते माझ्या हाताने.

यशोधरा

---

किटवे
२० एप्रिल १९९२

ताई,

पत्र वाचून मी वर्गात गेलो आणि पोरांना वही काढायला सांगून फळ्यावर एकतीस गुणिले पंधरा लिहिलं आणि पुसून टाकलं.

एक गोष्ट तुला माहीत नसेल, तेव्हा तू सासरी होतीस. त्र्याहत्तरला दुष्काळ सरून पाऊस पडला तेव्हा आई हिवतापाने आडवी होती. मी औरंगाबादला कॉलेजात. सात बायांनी आपली तीन एकर खुरपली. साळूबाईचं स्वतःचं रान तणाने भरलं होतं, तरी ती आधी आपल्याकडे आली. मला हे सुट्टीत कळलं. मी तिला म्हटलं, "मावशी, हे कसं फेडू?" ती म्हणाली, "शिक तू. फेडायचं बगू म्हातारपनी." त्या बाईच्या हातावर मी एकशे पस्तीस रुपये ठेवायला लावले.

इथे आमच्या शाळेत मुसोंडा नावाचा सुतारकाम शिकवणारा मास्तर आहे, माझा शेजारी. त्याला मी गाडग्यांबद्दल सांगितलं. त्याने विचारलं, "व्याज किती?" म्हटलं, व्याज नाही. एक दिवस वीस वर्षांनीही एकच दिवस. "आणि फेडणारा मेला तर?" मुलं फेडतात. "मुलं नसली तर?" मग सगळे मिळून विसरतात. तो खूप हसला. म्हणाला, हे आमच्या सावकारांना कोणीतरी कळवा. मुसोंडाची थोरली आता शाळेत जात नाही, फी लागू झाली. त्याच्या देशाने मूळ रकमेएवढं केव्हाच भरलं असेल, पण आकडा वाढतोच आहे. घेणारे आणि देणारे एकमेकांना ओळखत नाहीत, ताई. कुणाच्या घरी कोण आजारी आहे ते तिथे कुणी विचारत नाही. साळूबाईला आपलं सगळं माहीत होतं. आपण तिला त्या बँकांच्या रांगेत नेऊन बसवलं.

मला यायचं आहे. करार संपला की येतो. काही रक्कम यायची आहे, ती हातात पडू दे.

भीमराज

---

खर्डा
१५ डिसेंबर १९९२

प्रिय भीमा,

आठ महिन्यांत तुझी दोन पत्रं. दोन्हींत "रक्कम यायची आहे." आणि पाकिटामागचा पत्ता बदलला आहे. शाळेचा बंगला जाऊन "मुसोंडा यांचे घर" कधी झालं? मी सातवीच्या पोरांच्या चोऱ्या पकडते, तू तर माझ्या हाताखाली अंकगणित शिकलास. काय लपवतोस?

मीही एक लपवलं होतं, सांगते. आई आता ओट्यावर बसत नाही. आत भिंतीकडे तोंड करून असते. चष्मा आणला तो फडक्यात गुंडाळून ठेवलाय. म्हणते, "बगायचं कुनाला?" जेवते, बोलते, सगळं करते. पण तिच्यातलं काहीतरी गेलं आहे आणि ते औषधाने येणारं नाही.

दोन्ही गाडगी तिने फळीवर पालथी घातली आहेत. मी सरळ करते, ती पुन्हा पालथी घालते.

खरं लिही.

ताई

---

किटवे
९ मे १९९३

प्रिय ताई,

खरं लिहितो. हे पत्र मी चार महिने लिहितो आणि फाडतो आहे.

करार गेल्या जुलैतच संपला. खर्च कमी करायचा म्हणून आम्हा परदेशी मास्तरांना पुन्हा घेतलं नाही. नऊ वर्षांची जमा रक्कम परकी चलनात मिळायची होती, ते चलन नाही. रांगेत थांबलो. शेवटी इथल्याच नोटांत घेतली. ताई, ज्या पैशांत नगरला घर झालं असतं, त्यात महागाईमुळे आता विमानाचं अर्धं तिकीटही येत नाही. मी गणित शिकवतो, मला हे होताना दिसत होतं. दर महिन्याला कागदावर मांडायचो आणि वही मिटायचो.

दहा महिने मुसोंडाकडे राहतो आहे. त्याची बायको मला जेवू घालते. मी त्याच्या थोरलीला घरी गणित शिकवतो, छपराचे पत्रे बसवू लागतो, मक्याची कणसं सोलतो. कोणी काही मोजत नाही. त्याच्या अंगणात चिंचेचं झाड आहे. मी म्हटलं, ही आमच्याकडची. तो म्हणाला, चिंच मूळची आफ्रिकेतली, तुम्ही इथून नेली आणि अजून परत केली नाही.

परवा त्याने आणि शाळेतल्या मास्तरांनी वर्गणी काढली. ज्यांचे पगार दोन-दोन महिने थकतात त्यांनी. तिकिटाची उरलेली रक्कम झाली. मला घेववेना. मुसोंडा रागावला, म्हणाला, "तुझ्या आईची गाडगी आमच्यासाठी नाहीत का?"

पण मी येऊ कोणत्या तोंडाने? गावाने मला मांडव घालून निरोप दिला होता. वस्तीतला पहिला विमानाने जाणारा. आता एक बॅग आणि चुरगळलेले कपडे घेऊन उतरायचं? आईला दिलं काय, तर रिकामा ओटा. तिला विचार. ती नको म्हणाली तर मी मुंबईत कुठेतरी शिकवणी धरेन, मग येईन.

भीमा

---

खर्डा
२ जून १९९३

भीमा,

तुझं पत्र आईला पूर्ण वाचून दाखवलं, एक ओळ गाळली नाही. ऐकताना ती भिंतीकडून वळून माझ्याकडे बघत होती. पुढचं तिचं, जसंच्या तसं लिहिते.

"भीमा, ये. रिकामाच ये. भरल्या हातानं आलेला कुनाला लागतोय? तुजे हात हायेत न्हवं?"

माझं म्हणशील तर मी तीन दिवस रडतेय आणि विचारणाऱ्यांना सांगते, सर्दी झाली आहे. माझी पुन्हा बदली झाली, या वेळी कोपरगावला, उसाच्या राज्यात. पंधरा तारखेला हजर व्हायचंय. आईजवळ कोणी नाही. लवकर ये.

ताई

---

खर्डा
६ मार्च १९९४

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

कोपरगावचं पाणी मानवलं ना? इथलं सगळं सविस्तर लिहायला सांगितलं होतंस. आज हात जरा वळतोय म्हणून लिहितो, अक्षर सांभाळून घे.

जामखेडच्या शिकवणीतून घर चालतं. रान यंदा मीच पेरलं हे तुला कळवलं होतं. आठ महिन्यांत साळूबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं असेल. मी समोर आलो की पदर सारखा करायची आणि पुढे जायची. मी बोलायचा प्रयत्न केला नाही. बोलून काय, पुन्हा हिशेबच झाला असता.

गेल्या सोमवारी तिच्या ज्वारीची काढणी सुरू झाली. तिची सून बाळंतीण, पोरगा उसाला गेलेला, रानात ती एकटी. मी न विचारता गेलो आणि दुसऱ्या टोकाने उपटायला लागलो. तिने पाहिलं. तासभर दोघंही आपापल्या टोकाने उपटत राहिलो. मग ओरडली, "मास्तर, रोज किती घेनार?"

"घेणार नाही."

"मग?"

"सावड."

"तुमची सावड फिटली. पैकं पोचलं हुतं."

म्हटलं, "मावशी, मी लहानपणी गाडगी ओतली तेव्हा तू दोन दिवस कमी सांगितले होतेस. ते त्या हिशेबात धरलेच नाहीत."

ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. नऊवारीच्या टोकाने तोंड पुसलं, घाम पुसला की आणखी काही, मला कळलं नाही. मग म्हणाली, "तुमची पात वाकडी चाललीया. ज्वारीचं धांडं बुडात धरा." आणि कामाला लागली. दोन दिवस मी तिच्या रानात होतो. तळहातांची सालं गेली. भाकरी तिने दिली, पण हातात नाही, बांधावर ठेवून.

काल सकाळी आपली ज्वारी काढायची होती. मी एकटाच निघालो होतो. दार उघडलं तर अंगणात साळूबाई, चांगुणा, आणखी पाच जणी. साळूबाई मला ओलांडून थेट आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या आईला म्हणाली, "कलाबाई, ऊठ. ओट्यावर बस. आमी राबायचं आन् तू आत निजायचं व्हय?"

आईला उठवायला दोघी लागल्या. ओट्यावर बसवलं. तंबाखूची डबी मागितली गेली. ताई, मी आफ्रिकेत दहा वर्षं ज्याची स्वप्नं पाहिली ते हेच होतं, फक्त मला ते आधी ठाऊक नव्हतं. सात बाया एकाच वेळी बोलत होत्या आणि मध्ये आई कुणाची तरी चूक दुरुस्त करत होती.

एका दिवसात सगळं रान मोकळं झालं. संध्याकाळी आईने चष्मा मागितला. फडक्यातून सोडला, नाकावर चढवला. फळीवरची दोन्ही गाडगी मला काढायला लावली, स्वतः पुसली. अंगणात चिंचेखाली पडलेले चिंचोके मी वेचून आणले. तिने एकेक मोजून देण्याच्या गाडग्यात टाकले. साळूबाईचा, चांगुणाचा, असे सात. प्रत्येकाचा तळाला लागून आवाज झाला. मग आठवा हातात धरून म्हणाली, "त्या मुसुंड्याचं किती?"

मी म्हटलं, "त्याचं मोजता येणार नाही आई."

"मंग एकच टाकते, मोटा बगून." तिने सगळ्यात मोठा चिंचोका निवडला आणि टाकला. "तो कवा आला तर आपल्याकडं त्येचं हाय, एवढं ठावं असलं म्हंजे झालं."

माझ्या डोक्यातला मास्तर कुठे गप्प बसतो? मी म्हणालो, "आई, पुढच्या आठवड्यात चांगुणाचा हरभरा निघेल. मी जातो, एक दिवस फेडून टाकतो."

तिने गाडगं छातीशी धरलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा आठ वर्षांचा झालो.

"जा हरबऱ्याला. पन फेडायची घाई करू नगंस," ती म्हणाली. "मला अजून जगायचं हाय हितं."

तुझा,
भीमा